पुडी खाटेजवळ फाडू नका : मेडिकलमध्ये मिळणाऱ्या प्रोबायोटिक्सचं परीक्षण

अँटिबायोटिक लिहून दिलं की त्याच्याखाली एक ओळ प्रोबायोटिकची (पोटासाठी घ्यायच्या जिवंत जंतूंची), हे आता इतकं ठरून गेलंय की मेडिकलवाला न विचारताच पुडी किंवा प्लॅस्टिकची वायल काढून काउंटरवर ठेवतो. जुलाब किती दिवसांत थांबतात, चव कशी आहे, लहान मूल घेतं का, यावर भरपूर लिहिलेलं सापडतं. इथे हीच उत्पादनं एका वेगळ्या बाजूने तपासली आहेत. यातला जिवंत जंतू रक्तात पोचला तर काय होतं, कोणाच्या रक्तात पोचतो, कोणत्या वाटेने पोचतो, आणि पाकीट हातात घेतल्यावर त्यातलं काय कळतं.

असा रक्तसंसर्ग दुर्मीळ आहे, हे आधीच सांगून ठेवतो. फिनलंडमध्ये १९९० नंतर लॅक्टोबॅसिलस जीजी नावाचा जंतू असलेलं दही-दूध घरोघरी खाल्लं जाऊ लागलं. २००० सालापर्यंतच्या नोंदी तपासल्या तेव्हा तिथे लॅक्टोबॅसिलसचे रक्तसंसर्ग वाढलेले दिसले नाहीत. धडधाकट माणसाने दोन-चार दिवस पुडी घेतली म्हणून घाबरायचं काहीच कारण नाही. प्रश्न आहे तो गळ्यात किंवा छातीत सेंट्रल लाईन (मोठ्या शिरेत घातलेली नळी) असलेल्या, किमोथेरपी चालू असलेल्या, व्हेंटिलेटरवरच्या आणि दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या रुग्णांचा. नेमक्या याच रुग्णांना अँटिबायोटिक सगळ्यात जास्त मिळतात, आणि म्हणून प्रोबायोटिकही.

एंटेरोजर्मिना आणि त्या जातीच्या वायल

पाच एमएलची प्लॅस्टिकची वायल, आत बॅसिलस क्लॉसीचे २०० कोटी स्पोअर. स्पोअर म्हणजे जंतूने स्वतःभोवती बांधलेलं टणक कवच. जठरातलं आम्ल त्याला मारत नाही आणि फ्रिजबाहेर राहिल्याने ते बिघडत नाही. मे महिन्यात नागपूरहून पार्सल मागवलं तरी चालेल असं प्रोबायोटिक हवं असेल, तर या जातीला तोड नाही. वायल न हलवता उजेडात धरली तर तळाशी पांढरट साका दिसतो. हलवली की पाणी गढूळ होतं. साका म्हणजे माल खराब झाला असं समजून लोक वायल परत करायला येतात, पण ते स्पोअरच असतात. न हलवता तोंड पिळून तोडलं आणि वरचं पाणी पाजलं, तर निम्मं औषध वायलमध्येच राहतं. चव नाही, वास नाही, त्यामुळे तान्ह्या बाळालाही चमच्याने देता येतं.

यात चार वाण आहेत: ओ-सी, एन-आर, सिन आणि टी. चारही मुद्दाम असे निवडलेत की ते अँटिबायोटिकला दाद देत नाहीत. एक क्लोरॅम्फेनिकॉलला, एक नोव्होबायोसिन आणि रिफाम्पिसिनला, एक स्ट्रेप्टोमायसिन आणि निओमायसिनला, एक टेट्रासायक्लिनला. अँटिबायोटिक चालू असताना घेतलं तरी हे जंतू आतड्यात तग धरतात, हीच याची मोठी जमेची बाजू सांगितली जाते, आणि आतड्यापुरती ती खरी आहे. तोच जंतू रक्तात गेला तर मात्र हेच गुण उलटतात. बॅसिलस क्लॉसीवर पेनिसिलिन, सेफॅलोस्पोरिन आणि एरिथ्रोमायसिनच्या गटातली औषधं सहसा चालत नाहीत. तापाच्या रुग्णाला आपल्याकडे पहिल्यांदा सुरू होतं ते सेफ्ट्रियाक्झोन इथे निकामी ठरतं. प्रसिद्ध झालेल्या रुग्णनोंदींमध्ये बहुतेक वेळा व्हँकोमायसिन वापरावं लागलं आहे. काही रुग्णांमध्ये औषध दिल्यावरही रक्तात जंतू पुन्हा पुन्हा उगवत राहिले. प्रतिकारशक्ती चांगली असलेल्या एका लहान मुलातही असं घडल्याची नोंद आहे. म्हणून 'फक्त अशक्त रुग्णांनाच होतं' असं छातीठोकपणे म्हणता येत नाही.

या उत्पादनाची सगळ्यात मोठी अडचण आमच्या मते जंतूत नाही, वायलच्या रूपात आहे. नेब्युलायझरची रेस्प्यूल (वाफेवाटे घ्यायच्या औषधाची कुपी), डिस्टिल्ड वॉटरची प्लॅस्टिक अँप्युल आणि ही वायल ट्रेमध्ये शेजारी शेजारी ठेवून बघा. तिघींची मान सारखीच पिळून तुटते. त्यात वायलमधलं औषध साध्या पाच एमएलच्या सिरिंजमध्ये ओढायची सवय सर्रास असते, आणि ती सिरिंज सलाईनच्या पोर्टलाही बिनदिक्कत बसते. कंपनीच्या माहितीपत्रकात स्पष्ट ताकीद आहे: फक्त तोंडाने घ्यायचं, टोचायचं नाही, चुकीच्या वाटेने दिल्यामुळे अ‍ॅनाफिलॅक्टिक शॉकपर्यंतच्या (जिवावर बेतणाऱ्या तीव्र अॅलर्जीपर्यंतच्या) गंभीर प्रतिक्रिया आलेल्या आहेत. ही ताकीद घडून गेलेल्या चुकांवरून आलेली आहे. वॉर्डात काय करता येईल ते सोपं आहे. या वायल इंजेक्शनच्या ट्रेमध्ये कधीच ठेवायच्या नाहीत. राइल्स ट्यूबमधून (नाकातून पोटात जाणाऱ्या नळीतून) द्यायचं असेल तर फीडची वेगळी, सलाईनला न बसणारी सिरिंज वापरायची. घरी चमचा पुरतो.

दुसरी गोष्ट हातांची. स्पोअर अल्कोहोलच्या सॅनिटायझरने मरत नाहीत. वायल उघडल्यावर सॅनिटायझर चोळून लगेच सेंट्रल लाईनला हात लावला, तर हात स्वच्छ झाल्यासारखे वाटतात एवढंच. साबण आणि वाहतं पाणी हाच उपाय.

जाता जाता एक नोंद, मराठी वाचकाला आवडेल अशी. हा जंतू आधी बॅसिलस सबटिलिस म्हणून विकला जात होता. २००१ च्या सुमारास तो बॅसिलस क्लॉसी असल्याचं निश्चित झालं. पुढे पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी लोणार सरोवरातल्या एका नव्या जंतूचा अभ्यास करताना त्याच्या भाऊबंदांची फेरमांडणी केली, आणि क्लॉसी ज्या नव्या कुळात गेला त्याला पुण्याचे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ डॉ. योगेश शौचे यांचं नाव दिलं: शौचेला क्लॉसी. कौतुक आहेच, पण याचा व्यवहारातला परिणाम डोक्यात ठेवायला हवा. वायलवर 'बॅसिलस क्लॉसी' छापलेलं असतं आणि लॅबच्या रिपोर्टवर 'शौचेला क्लॉसी' येऊ शकतं. रिपोर्ट वाचणाऱ्याला या दोन नावांचा संबंध ठाऊक नसेल, तर ड्रॉवरमधल्या वायलकडे कोणाचं लक्ष जाणार नाही.

इकोनॉर्म आणि इतर बोलार्डी पुड्या

पुडीत २५० मिलिग्रॅम सॅकरोमायसिस बोलार्डी असतं. हा बॅक्टेरिया नाही, यीस्ट आहे, पावाच्या यीस्टचा सख्खा भाऊ. फ्रेंच शास्त्रज्ञ आंरी बोलार्ड यांनी १९२० च्या दशकात इंडोचायनात लिची आणि मँगोस्टीनच्या सालींवरून तो वेगळा केला. यीस्ट असल्यामुळे कुठलंही अँटिबायोटिक त्याला मारत नाही. म्हणून अँटिबायोटिकमुळे लागलेल्या जुलाबांवर ही निवड तर्काला धरून आहे, आणि निरोगी माणसासाठी आम्ही तिला चांगलेच गुण देऊ. गरम पाण्यात किंवा गरम दुधात टाकू नका, यीस्ट मरतं. फ्लुकोनॅझोलसारखं बुरशीविरोधी औषध चालू असेल तर सोबत घेण्यात अर्थ नाही.

आता पुडी फाडताना काय होतं ते बघा. कोपरा दातांनी किंवा नखाने फाडला जातो, झटका बसतो, आणि पिठासारखी बारीक भुकटी हवेत उडते. काळ्या टेबलावर फाडली तर पांढरट थर डोळ्यांना दिसतो. फ्रान्समधल्या अभ्यासकांनी २००० साली हेच मोजून पाहिलं. पुडी उघडल्यावर एक मीटर अंतरावरच्या हवेत जिवंत यीस्ट सापडलं, पृष्ठभागावर ते दोन तासांनंतरही होतं, आणि पुडी हाताळणाऱ्यांच्या हातांवर तर नीट धुतल्यानंतरही उरलं होतं. त्या एक मीटरच्या आत रुग्णाच्या मानेतल्या सेंट्रल लाईनचं तोंड असतं. सिस्टर पुडी फाडतात, पाण्यात घोळतात, राइल्स ट्यूबमधून सोडतात, आणि त्याच फेरीत लाईनचं टोपण काढून औषध देतात. यीस्टला आतड्याची भिंत ओलांडायची गरजच पडत नाही. ते सरळ रक्तवाहिनीच्या दारातून आत जातं.

हा नुसता अंदाज नाही. माद्रिदमधल्या एका आयसीयूत हृदयशस्त्रक्रियेनंतरच्या तीन रुग्णांच्या रक्तात हे यीस्ट उगवलं. तिघांनाही नळीतून बोलार्डी दिलं जात होतं. ही नोंद २००५ साली प्रसिद्ध झाली, आणि तोपर्यंतच्या जगभरातल्या साठेक नोंदी त्यासोबत एकत्र केलेल्या होत्या. त्याआधी इटलीत तर असे रुग्ण सापडले होते ज्यांना स्वतःला पुडी दिलेलीच नव्हती, शेजारच्या खाटेवर दिली होती. भारतातून २०१७ साली सात रुग्णांची एकत्र नोंद झाली. त्याच वर्षी युरोपच्या औषध नियामकांनी या उत्पादनांवर निर्बंध घातले: सेंट्रल लाईन असलेल्या, अत्यवस्थ किंवा प्रतिकारशक्ती खालावलेल्या रुग्णांना द्यायचं नाही, आणि अशा रुग्णांच्या खोलीत पुडी किंवा कॅप्सूल उघडायचीसुद्धा नाही.

यातलं दुसरं कलम सगळ्यात महत्त्वाचं, आणि आपल्याकडे सगळ्यात दुर्लक्षित. पहिलं कलम डॉक्टरांच्या हातात आहे, दुसरं मात्र वॉर्डातल्या सगळ्यांच्या. शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाला पुडी लिहिलेली असेल तर ती औषधांच्या खोलीत, ग्लोव्हज घालून उघडायची, तिथेच पाण्यात घोळायची, ग्लोव्हज तिथेच टाकायचे, हात साबणाने धुवायचे आणि मगच ग्लास घेऊन खाटेपाशी जायचं. लाईनला हात लावायचा असेल तर नवे ग्लोव्हज. आम्ही तर म्हणू, आयसीयूच्या औषधसाठ्यात ही पुडी ठेवूच नये. आयसीयूत तिची जी थोडी गरज पडते, तिच्यापुढे ही जोखीम जड आहे.

रक्तात उगवलंच तर तीन गोष्टी लगेच करायच्या. पुडी बंद करायची, आणि फक्त त्या रुग्णाची नाही, त्या हॉलमधल्या सगळ्यांची. सेंट्रल लाईन काढायची. ती तशीच ठेवून औषध देत राहिलं तर यीस्ट लाईनच्या आतल्या थरात टिकून राहतं. आणि बुरशीविरोधी औषध म्हणून अ‍ॅम्फोटेरिसिन बी किंवा एकायनोकँडिन गटातलं काही. फ्लुकोनॅझोलचा भरवसा धरता येत नाही. लॅबचा पहिला फोन येतो तो 'यीस्ट दिसतंय' एवढाच असतो. ऐकणारा कॅन्डिडा (नेहमी आढळणारं दुसरं यीस्ट) समजून चालतो आणि फ्लुकोनॅझोल सुरू करतो. त्या क्षणी 'या वॉर्डात बोलार्डी चालू आहे' हे कोणी तरी बोललं पाहिजे.

लॅक्टोबॅसिलसच्या कॅप्सूल आणि मिश्र पुड्या

या गटातलं सगळ्यात अभ्यासलेलं वाण म्हणजे लॅक्टोबॅसिलस रॅम्नोसस जीजी. १९८० च्या दशकात अमेरिकेत गोर्बाक आणि गोल्डिन यांनी ते वेगळं केलं, आणि जीजी ही त्यांच्याच आडनावांची अक्षरं. बोस्टनच्या मुलांच्या रुग्णालयातला २०१९ सालचा अभ्यास या विषयातला सगळ्यात भक्कम पुरावा आहे. आयसीयूत जीजी दिलेल्या ५२२ रुग्णांपैकी ६ जणांच्या रक्तात लॅक्टोबॅसिलस उगवला. न दिलेल्या २१,६५२ जणांमध्ये फक्त २. मग रक्तातल्या आणि कॅप्सूलमधल्या जंतूंचा संपूर्ण जनुकसंच वाचला, तेव्हा रक्तातले जंतू कॅप्सूलमधूनच आल्याचं सिद्ध झालं. एका रुग्णात तर त्या जंतूने रिफाम्पिसिन गटातल्या औषधाला दाद न देणारा बदलही मिळवलेला होता. गोळीतला 'चांगला' जंतू शरीरात गेल्यावर आहे तसाच राहतो हे गृहीत धरता येत नाही, ते इथे दिसतं.

पुढे २०२१ साली मुख्यतः कॅनडातल्या रुग्णालयांमध्ये व्हेंटिलेटरवरच्या २,६०० हून जास्त रुग्णांवर जीजीची मोठी चाचणी झाली. न्यूमोनिया टळेल अशी आशा होती. टळला नाही, दोन्ही गटांत प्रमाण जवळपास सारखंच राहिलं. उलट जीजी घेतलेल्या गटात १५ जणांमध्ये हाच जंतू संसर्गाच्या ठिकाणी सापडला, दुसऱ्या गटात १. आयसीयूत जीजी देऊ नये, याहून वेगळं आमचं मत असायचं कारण उरत नाही.

साध्या जुलाबांच्या मुलांसाठी तरी उपयोग होतो का? २०१८ साली अमेरिका आणि कॅनडातल्या दोन मोठ्या चाचण्यांमध्ये पोटाच्या संसर्गाने आजारी लहान मुलांना लॅक्टोबॅसिलस देऊन फरक पडला नाही. मूल धडधाकट असेल तर अपायही नाही. पण पुडीसाठी पैसे मोजायचे आणि ओआरएस व झिंक विसरायचं, असं होऊ नये. झिंक सहा महिन्यांवरच्या मुलाला रोज २० मिलिग्रॅम, त्याहून लहान बाळाला १० मिलिग्रॅम, १४ दिवस. या दोन गोष्टींचा पुरावा कुठल्याही प्रोबायोटिकपेक्षा पक्का आहे.

आता औषधाची गंमत नव्हे, अडचण सांगतो. लॅक्टोबॅसिलस रॅम्नोससवर व्हँकोमायसिन चालत नाही, ती प्रतिकारशक्ती त्याला उपजतच असते. त्याला अँपिसिलिन किंवा पेनिसिलिन लागतं. बॅसिलस क्लॉसीचं नेमकं उलट: त्यावर पेनिसिलिन नाही, व्हँकोमायसिन. आणि स्लाइडवर दोघंही 'ग्रॅम पॉझिटिव्ह काड्या' (रंग दिल्यावर जांभळे दिसणारे काडीसारखे जंतू) म्हणूनच दिसतात. बोलार्डीवर तर या दोन्हीपैकी काहीच चालत नाही. म्हणजे रुग्णाला कोणत्या नावाची पुडी दिली, या एका माहितीवर पहिल्या दोन दिवसांचं औषध बरोबर की चूक ते ठरतं. ड्रग चार्टवर नुसतं 'प्रोबायोटिक, दिवसातून दोनदा' लिहिणं त्यामुळे धोक्याचं आहे. उत्पादनाचं आणि जंतूचं नाव लिहायलाच हवं.

नावांचा गोंधळ इथेही आहे. २०२० साली लॅक्टोबॅसिलसचं मोठं कुळ फोडून त्याची अनेक कुळं केली गेली. रॅम्नोसस आता लॅक्टिकेसीबॅसिलस झाला आहे. पाकिटावर जुनं नाव, रिपोर्टवर नवं.

मिश्र पुड्यांबद्दल आमचं मत फारसं चांगलं नाही. चार-पाच जंतू एकत्र केल्याने पोटाला चौपट फायदा होतो असं काही नाही, आणि संसर्ग झाला तर संशयित चौपट होतात. काही मिश्रणांत क्लॉस्ट्रिडियम ब्युटिरिकम असतं. जपानमध्ये ते फार वापरात आहे. ओसाकाच्या विद्यापीठ रुग्णालयात २०११ ते २०२३ या काळात ब्लड कल्चर (रक्तातले जंतू वाढवून बघायची तपासणी) पॉझिटिव्ह आलेल्या ६,५७६ रुग्णांपैकी ५ जणांना या जंतूचा रक्तसंसर्ग होता, आणि पाचही वेळा वाण प्रोबायोटिकमधलंच निघालं. हा जंतू ऑक्सिजनमध्ये वाढत नाही. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी खर्च वाचवायला फक्त एरोबिक (ऑक्सिजन असलेली) बाटली पाठवतात. तिच्यात तो उगवणारच नाही आणि रिपोर्ट 'नो ग्रोथ' येईल.

'लॅक्टोबॅसिलस स्पोरोजेनेस' असं ज्या पाकिटावर छापलंय, त्याबद्दल एक सांगायला हवं. लॅक्टोबॅसिलस स्पोअर करत नाही. स्पोअर करणारा हा जंतू म्हणजे बॅसिलस कोअ‍ॅग्युलन्स. चुकीचं जुनं नाव अजून चालू ठेवणाऱ्या उत्पादकाने बाकी तपशील किती काळजीने पाळले असतील, हा प्रश्न आम्हाला पडतो, आणि दोन पाकिटांतून निवडायचं झालं तर बरोबर नाव छापणारं आम्ही घेऊ.

एनआयसीयू

एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या आयसीयूत, एकाच विषयावर दोन टोकं आहेत आणि दोन्ही खरी आहेत. ओडिशातल्या खेड्यांमध्ये ४,५५६ नवजात बाळांवर झालेली चाचणी २०१७ साली प्रसिद्ध झाली. लॅक्टोबॅसिलस प्लँटारमचं एक वाण आणि सोबत त्या जंतूचं खाद्य असलेली साखर, सात दिवस दिली. जंतुसंसर्ग किंवा मृत्यू यांचं एकत्र प्रमाण ९ टक्क्यांवरून ५.४ टक्क्यांवर आलं. आतड्यात योग्य जंतू वेळेवर पोचल्याने रक्तसंसर्ग टळू शकतो, हे दाखवणारं हे काम आपल्या देशात झालं याचा अभिमान वाटावा. पण ती बाळं किमान दोन किलो वजनाची, ३५ आठवडे पूर्ण केलेली, आईचं दूध पिणारी होती.

दुसरं टोक अमेरिकेतलं. २०२३ मध्ये तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने रुग्णालयांना इशारा दिला. एक किलोपेक्षा कमी वजनाच्या एका अपुऱ्या दिवसांच्या बाळाला बायफिडोबॅक्टेरियम असलेलं प्रोबायोटिक दिलं होतं. बाळ रक्तसंसर्गाने गेलं, आणि रक्तातला जंतू उत्पादनातल्या जंतूशी जनुकीयदृष्ट्या तंतोतंत जुळला. ओडिशाचा निकाल दाखवून ९०० ग्रॅमच्या बाळाला मेडिकलमधली पुडी देणं म्हणजे दोन वेगळ्या बाळांना एक समजणं. वाण वेगळं, डोस वेगळा, आतड्याची भिंत वेगळी. एनआयसीयूत द्यायचंच असेल तर तो निर्णय तिथल्या निओनॅटॉलॉजिस्टचा (नवजात बाळांच्या तज्ज्ञ डॉक्टरांचा). आजी-आजोबांनी बाहेरून आणलेली वायल तिथे चालत नाही, कितीही मायेने आणलेली असो.

आतड्याच्या भिंतीवरूनच आणखी एक. नेदरलँड्समध्ये स्वादुपिंडाच्या तीव्र दाहाच्या रुग्णांना सहा जंतूंचं मिश्रण नळीने आतड्यात सोडून बघितलं होतं. २००८ साली निकाल आला: प्रोबायोटिक गटात १६ टक्के मृत्यू, दुसऱ्या गटात ६ टक्के. प्रोबायोटिक गटातल्या नऊ जणांच्या आतड्याचा रक्तपुरवठा तुटला होता, दुसऱ्या गटात एकाचाही नाही. हा रक्तसंसर्गाचा प्रकार नव्हे, पण आजारी आतड्यात जिवंत जंतूंचा भार टाकताना याची आठवण ठेवलीच पाहिजे.

ताप आला तर लॅबला काय पाठवायचं

प्रौढ रुग्णाचे ब्लड कल्चरचे दोन सेट, प्रत्येक बाटलीत ८ ते १० एमएल रक्त. सेंट्रल लाईन असेल तर एक सेट लाईनमधून आणि एक हाताच्या शिरेतून, एकाच वेळी, आणि दोन्हींवर वेळ व जागा लिहून. लाईनमधली बाटली हाताच्या शिरेतल्या बाटलीच्या दोन तास किंवा त्याहून आधी पॉझिटिव्ह झाली तर लाईनवर संशय पक्का होतो. जमेल तिथे अ‍ॅनएरोबिक (बिनऑक्सिजनची) बाटलीही पाठवा.

सगळ्यात जास्त चुका पुढच्या पायरीवर होतात. स्लाइडवर बॅसिलस किंवा लॅक्टोबॅसिलससारख्या काड्या दिसल्या की तो त्वचेवरचा किंवा धुळीतला जंतू, रक्त काढताना मिसळला, असं समजून रिपोर्टवर 'कंटॅमिनंट' लिहिलं जातं. बहुतेक वेळा ते बरोबरही असतं. पण रुग्ण क्लॉसी किंवा रॅम्नोसस घेत असेल तर तोच रिपोर्ट खऱ्या संसर्गाला झाकून टाकतो. लॅबला ते कळायला मार्ग एकच: मागणीपत्रावर, अँटिबायोटिकच्या रकान्याशेजारी, प्रोबायोटिकचं नाव. जंतू ओळखणारं माल्डी-टॉफ यंत्र काही मिनिटांत जात सांगतं, पण हा पुडीतला जंतू की बाहेरचा, हे त्याला सांगता येत नाही. त्यासाठी जनुकसंच वाचावा लागतो. म्हणून पुडीचं रिकामं पाकीट फेकू नका, बॅच नंबरसकट जपून ठेवा, आणि उगवलेला जंतू लॅबला साठवून ठेवायला सांगा.

घेताना पाकिटावर काय बघायचं

जंतूचं पूर्ण नाव आणि वाणाचा क्रमांक, उदाहरणार्थ 'बोलार्डी सीएनसीएम आय-७४५'. नुसतं 'प्रोबायोटिक मिश्रण' असेल तर ठेवून द्या. औषधाचा परवाना क्रमांक आहे की अन्नसुरक्षेचा, तेही बघा. काही पुड्या औषध म्हणून विकल्या जातात, काही खाद्यपूरक म्हणून, आणि कपाटात दोन्ही एकाच फळीवर असतात. कोणाला देऊ नये याची सूचना आहे का ते शोधा. ती छापणारं पाकीट घाबरवणारं वाटेल, पण आमच्या लेखी तेच जास्त प्रामाणिक. लॅक्टोबॅसिलसच्या कॅप्सूलना बऱ्याचदा फ्रिज लागतो; दुकानदाराने त्या कुठून काढून दिल्या याकडे लक्ष असू द्या.

आणि घरच्यांसाठी. डायलिसिससाठी मानेत कॅथेटर असलेली, किमो पोर्ट किंवा पिक लाईन (दोन्ही शिरेत बराच काळ ठेवायच्या नळ्या) लावलेली माणसं आता महिनोन्‌महिने घरीच असतात. त्याच घरात नातवाला जुलाब होतात आणि बोलार्डीची पुडी येते. पुडी स्वयंपाकघरात, बेसिनवर, कात्रीने हळू कापा. पंखा बंद ठेवा. ओटा ओल्या फडक्याने पुसा, फडकं लगेच धुवा. हात साबणाने धुतल्याशिवाय त्या माणसाच्या ड्रेसिंगला, लाईनच्या टोपणाला किंवा त्याच्या उशीलाही हात लावू नका. आणि ड्रेसिंगचा दिवस असेल तर आधी ड्रेसिंग, मग पुडी.